भैरवीच्या आधीची गाडी

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या एखाद्या मैफलीत तुम्ही बसला आहात, गाणं ऐन रंगात आलंय, आणि नेमक्या त्या वेळी मागच्या रांगेतली खुर्ची करकरली, कुणीतरी चपला हातात घेऊन वाकत वाकत दाराकडं निघालं, असं कधी झालं असेल तर तो माणूस बहुतेक मी होतो. तेव्हा तुम्ही मनातल्या मनात जे म्हणालात ते मला पोचलं बरं का. आज खुलासा करायची संधी मिळाली आहे.

खुलासा एका शब्दाचा आहे, एसटी. मी गंगाखेडचा, जनाबाईच्या गावचा. मोठं गाणं ऐकायचं तर आम्हाला परभणी, अंबाजोगाई, नांदेड, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. जायला काहीही मिळतं. प्रश्न असतो यायचा. आणि शेवटच्या गाडीचं अन् भैरवीचं काय वैर आहे कोण जाणे, दोघींची वेळ एकच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भैरवी ही रागिणी खरं तर सकाळची. पण मैफल कितीही वाजता संपो, शेवट तिनंच करायचा असा आपल्याकडं रिवाज आहे. भैरवी झाली की पुढं कुणी गात नाही. म्हणजे ज्यानं भैरवी ऐकली नाही त्याच्यापुरती ती मैफल संपलेलीच नाही. माझ्या अशा एकवीस मैफली अजून चालू आहेत.

एकवीस हा आकडा अंदाजे नाही. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या पानांवर मी प्रत्येक कार्यक्रम टिपून ठेवतो. तारीख, गाव, कोण गायलं, कोणते राग, तिकीट किती, आणि शेवटी एक खूण. भैरवी ऐकली तर बरोबरची, नाही तर फुली. पुढच्या बाजूला गिऱ्हाईकाचं नाव, ‘पाच एचपी, तीन फेज, रिवायंडिंग, बेअरिंग दोन’, आणि मागं मालकंस. बायको म्हणते, तुमच्या हिशेबात उधारी आणि फुल्या सोडून काही नसतं.

आता या धंद्याची गंमत बघा. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी जळायचा हंगाम कोणता? रब्बीचा. गहू-हरभऱ्याला पाणी चालू असतं, वीज कधी रात्री येते, कधी दोनच फेज येतात, आणि मोटारी धडाधड जळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि गाण्याचा हंगाम? तोच. नोव्हेंबरच्या शेवटी अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, मार्गशीर्षात माळेगावची यात्रा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीचा उरूस. वर्षभर ज्याची वाट बघायची ते सगळं नेमकं शेतकरी दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसलेला असताना. ‘दादा, पाळी आज रातीची हाय, मोटार द्या’ असं म्हणणाऱ्या माणसाला ‘मला गाणं ऐकायला जायचंय’ हे सांगायला जीभ रेटत नाही. मी सांगायचो, ‘वार्निश वाळायचंय.’ खोटं नव्हतं ते. वार्निश वाळायला वेळ लागतोच.

मला गाण्याला लावलं आमच्या उस्तादांनी. गैरसमज नको. आमच्याकडं मिस्तरीला उस्ताद म्हणतात. मी सतरा वर्षांचा पोरगा, त्यांच्या हाताखाली तांब्याची तार गुंडाळायला शिकत होतो. एक दिवस ते म्हणाले, चल, अंबाजोगाईला एक मोठे उस्ताद येणारेत. परळीपर्यंत मी हाच विचार करत होतो की हा माणूस मोटार दुरुस्त करतो की ट्रॅक्टर.

समोर बसले तर गाणारे. तबलजी बराच वेळ नुसता तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारत होता. ठक, ठक, मग बोटानं एक टण्, मग परत ठक. मी कंटाळलो. उस्ताद कानाशी कुजबुजले, ‘रुक रे, बेरिंग बिठा रै वो.’ मला लगेच समजलं. बेअरिंग वाकडं बसलं तर पुढं काहीच धड चालत नाही.

मग विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं सुरू झालं. एकताल. वायंडिंगवाल्याचं सगळं आयुष्य मोजण्यात जातं. कॉईलला बहात्तर वेढे म्हणजे बहात्तरच, मध्ये कुणी हाक मारली आणि मोजणं चुकलं की सगळी तार उकलायची. त्या सवयीनं मी मात्रा मोजायला लागलो. एक... बऱ्याच वेळानं दोन... मध्ये गायकानं असा काही लांब आलाप घेतला की माझे वेढे गेले. मी घाबरलो. वाटलं, यांचेही गेले. तेवढ्यात ते अलगद समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आले आणि सगळ्या मांडवाची मान एकदम हलली. माझीही हलली. कुणी शिकवलं नव्हतं. उस्ताद हसले. ‘गिनो नक्को. बारा हैं. वो भूलते नै.’

आणि सव्वादहाला तेच उस्ताद उठले. साडेदहाची परळी, तिथून रात्रीची रेल्वे. मी रडकुंडीला आलो होतो. स्टँडकडं चालताना कर्ण्याचा आवाज मागून येत होता. एका वळणावर तो तुटला. माझी पहिली फुली ती.

पुढं फुल्या वाढत गेल्या. एक फुली मात्र जास्त टोचते. पंडित नाथराव नेरळकर आपल्या मराठवाड्याचे, इथल्या कितीतरी गाणाऱ्यांना त्यांनी घडवलं. एकदा त्यांच्या मैफलीतूनही मी असाच उठलो. मनात म्हटलं, हे तर आपलेच आहेत, परत ऐकू. २०२१ मध्ये ते गेले. त्या पानावर फुली तशीच आहे.

तुम्ही म्हणाल, कार्यक्रम लवकर सुरू का नाही करत? आता माझ्या मनातलं बोलतो. पत्रिकेवर सात वाजता लिहिलेलं असतं. मी घड्याळ लावून टिपलंय, पहिला सा लागला तो आठ वीसला. मधल्या ऐंशी मिनिटांत काय झालं? दीपप्रज्वलन झालं. काडी विझली, परत पेटवली. शाल झाली, श्रीफळ झालं, पुष्पगुच्छ झाला, ज्यांचं नाव राहिलं त्यांची माफी झाली आणि मग त्यांचा सत्कार झाला. ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांनी एकदा सत्तावीस मिनिटं घेतली. आणि दहाच्या ठोक्याला पोलीस येऊन उभे, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले मोजून पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, तेवढीच. नियम चांगला आहे. शेजारी कुणी आजारी असतं, पोरांची परीक्षा असते. पण कात्री कुठं चालते बघा. सत्कारावर चालत नाही, चालते गाण्यावर. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडं झुकणारे राग उघड्या मैदानात ऐकायला मिळणं जवळजवळ संपलं ते असं. माझं म्हणणं एवढंच, सत्कार दुपारी चारला करा. ज्यांना शाल बघायची आहे ते चारला येतील.

दुसरी तक्रार धंद्यातली आहे. स्पीकरमधून ‘हुं’ असा एक संथ आवाज येत राहतो, ऐकलाय ना? आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तिचा ट्रान्सफॉर्मर सेकंदाला शंभर वेळा घुमतो, आणि हा शंभराचा आवाज पेटीवरच्या खर्जातल्या पांढरी पाच या सुराच्या अगदी शेजारी बसतो. आता गाणारा काळी एकला सा धरून गात असेल तर तानपुऱ्याच्या शेजारी हा दुसराच तानपुरा सबंध वेळ भलता सूर धरून बसलेला. बहुतेक वेळा अर्थिंगची गडबड असते. एकदा मी न राहवून साऊंडवाल्याकडं गेलो आणि म्हटलं, भाऊ, अर्थिंग बघा. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही गाणं ऐका ना.’ तेच तर ऐकत होतो!

बाहेरगावी फुलीची भीती नसलेली एकच जागा होती, माळेगाव. लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा. तिथं शेवटची गाडी हा विषयच नाही, कारण कुणी परतच जात नाही. घोडे, उंट, गाढवं, त्यांचे मालक आणि आपण, सगळे एकाच थंडीत उघड्यावर झोपतो. जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव असतो, शिवाय तमाशाचे फड. तरुणपणी एका फडात गण झाला, गवळण रंगली, बतावणी सुरू झाली आणि लाईट गेली. जनरेटर बसला होता. पडद्याआडून आवाज आला, ‘कुनी वायरमन हाय का?’

मी गेलो. कार्बन घासले होते, काही मोठं नव्हतं. पण मागं जे दिसलं ते विसरत नाही. हलगीवाला कडब्याची पेंढी पेटवून हलगी शेकत होता. दवानं चामडं ढिलं पडलं की हलगी बोलत नाही, नुसती धप धप करते. तो शेकायचा, दोन टिपऱ्या मारायचा, मान हलवायचा, परत शेकायचा. कनातीच्या इतक्या जवळ जाळ बघून माझ्या पोटात गोळा आला. दमट मोटार वाळवायला आम्ही आत २०० वॅटचा बल्ब सोडतो. मी फडातल्या पोराकडून पत्र्याचा डबा घेतला, आत बल्ब सोडला, वर हलगी पालथी ठेवली. दहा मिनिटांनी त्यानं उचलून एक टोला दिला आणि माझ्याकडं बघितलं. बोलला काहीच नाही. हातानं मला विंगेत, त्याच्या बाजूला बसवलं. वग संपेपर्यंत मी तिथं होतो. समोरून ऐकताना ढोलकी आणि घुंगरू एकच वाटतात. बाजूनं बघितलं की कळतं, नाचणारी बाई ढोलकीवाल्याकडं बघतच नाही, ढोलकीवाला मात्र तिच्या टाचेवरून नजर काढत नाही. पहाटे दात वाजत होते, पण त्या रात्रीच्या पानावर बरोबरची खूण आहे.

आमच्या गावात एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम होतात, तिथंही गाडीचा प्रश्न नाही, चौक घरापासून दोन मिनिटांवर. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ सालीच गेले, पण एप्रिलमधल्या कुठल्याही चौकात त्यांचं नाव घेतल्याशिवाय गायन पार्टी उभी राहत नाही. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. ऐन कडव्यात कुणी शंभराची नोट आणून देतो, गायक गाता गाता देणाऱ्याचं नाव त्याच चालीत गुंफतो, आडनावाला थोडा ताणतो, आणि ठेका न सोडता परत ध्रुवपदावर येतो. समेवर येणं ते हेच की!

आता गेल्या दिवाळीचं. नांदेडला गोदावरीच्या बंदाघाटावर दिवाळी पहाट असते. रात्री परवानगी नाही म्हणून म्हणा, हे पहाटेचे कार्यक्रम आपल्याकडं चांगले रुजले. गंगाखेडचं पाणी पुढं नांदेडलाच जातं, त्याच्या मागोमाग मीही गेलो. आदल्या रात्री बहिणीकडं मुक्काम. पाचला अभ्यंगस्नान, मफलर, आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीवर सतरंजी. दगड इतका गार की सतरंजी असून नसल्यासारखी.

गाणारी मुलगी पंचविशीची असेल. साडेआठच्या सुमाराला, उन्हं पाण्यावर आलेली असताना, तिनं भैरवीचे सूर लावले. दोनच स्वर गेले असतील आणि माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात चपला शोधतोय. पिशवी खांद्याला लागलेली, एक गुडघा उचललेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘निघालात का भाऊ?’ मी खाली बसलो.

उस्ताद आता ऐंशीच्या पुढं आहेत. दुकानात येत नाहीत, ऐकूही कमी येतं. पण ही भैरवी एकट्यानं ऐकायची मला लाज वाटली. फोन लावला, काही न बोलता स्पीकरच्या दिशेनं धरला. बराच वेळ पलीकडून नुसता श्वास. मग त्यांचा तोच जुना, दुकानातला आवाज आला.

‘क्या गा रै?’

‘भैरवी, उस्ताद.’

पलीकडं परत शांतता. मला वाटलं फोन कटला.

‘गाडी है ना रे वापसीकू?’