सिलोनची खुर्ची
(फोंडा येथे वाचकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कॉलेजातल्या मुलांचा क्लब जागतिक प्रश्नांकडे कसा बघतो आणि कसा बघावा, यावर बोला असं मला सांगितलंय. बोलतो. पण आधी एका दुपारची गोष्ट सांगू द्या. माझं म्हणणं त्या दुपारीच तयार झालं.

आमचा क्लब दर शनिवारी जमतो. संयुक्त राष्ट्रांची बैठक भरवतो. प्रत्येक मूल एका देशाचं प्रतिनिधी, पुढ्यात त्या देशाची पाटी. विषय हवामानबदल, निर्वासित, अण्वस्त्रं. मुलं इंग्रजीत भाषणं उतरवून आणायची, वाचायची आणि बसायची. एका नोव्हेंबरात मी म्हटलं, डिसेंबरात गोव्याचा प्रश्न घेऊया.

मुलं चमकली. गोवा हा जागतिक प्रश्न? अहो, होताच. दादरा-नगर हवेली या त्याच्या वसाहतीत जायला भारतातून वाट मागत पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता, १९६० मध्ये निकाल लागला. आणि १८ डिसेंबर १९६१ ला, इथे आपलं सैन्य शिरलेलं असताना, तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद आपल्यावरच बसली होती. भारताने सैन्य मागे घ्यावं, असा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव. बाजूने सात मतं, विरुद्ध चार. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. उरलेली तीन विरोधी मतं सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि इजिप्त यांची. आपल्या घरांतून रशियाचं नाव निघतं, ते योग्यच आहे. पण सिलोनचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा बघू. दोन. बरं.

पाट्या वाटल्या. पोर्तुगालची पाटी कुणी घेईना! एक मुलगा म्हणाला, "सर, घरी कळलं तर आजोबा जेवायला देणार नाहीत." शेवटी मडगावचा एक जण तयार झाला. सिलोनची पाटी सत्तरीतल्या एका मुलीकडे गेली. वर्षभर क्लबात येणारी, मागच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी.

बैठकीच्या दुपारी ती उभी राहिली. इंग्रजीतलं पहिलं वाक्य नीट गेलं, दुसऱ्याला अडली. कागदाचा कोपरा दुमडत राहिली. मी म्हटलं, "बाई, मराठीत बोल." तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "अध्यक्ष महोदय, एक वर्ष आणि तीन दिवसांपूर्वी याच संस्थेने ठराव केला, की गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नव्हे, ती वसाहत आहे. मग आज पोर्तुगालच्या कुठल्या भूमीवर आक्रमण झालं?"

१५ डिसेंबर १९६० चा तो ठराव तिने स्वतः शोधून वाचला होता. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पोर्तुगाल कोंकणीत तावातावाने उठला: "आमी हांगा साडेचारशें वर्सां आसात!" तिने तिथल्या तिथे विचारलं, "साडेचारशे वर्षांत एकदा तरी लोकांना विचारलं होतं का?" वास्कोची एक मुलगी, वडील नौदलात, आसामकडची, तिला दोन्ही भाषा येत नव्हत्या. तर एक मुलगा तिच्या शेजारी जाऊन बसला आणि कानात हिंदी करून सांगू लागला. कुणी शिकवलं नव्हतं. खरी संयुक्त राष्ट्रं अशीच चालतात, दुभाष्यांवर.

आता माझी तक्रार. तीच मुलगी पुढे गोव्याबाहेरच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गेली. नियम होता, फक्त इंग्रजी. तेच मुद्दे, तोच ठराव, पण अडखळत. परीक्षकांनी कागदावर लिहिलं: मुद्दे उत्तम, भाषा कच्ची. परतीच्या बसमध्ये तिने त्या कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली, पार गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत. भाषा कच्ची? तिची भाषा कच्ची नव्हती, मंडळी, तिला तिची भाषा वापरूच दिली नव्हती! खुद्द संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत. त्यातली अरबी पहिल्यापासून नव्हती, १९७३ मध्ये आली, अरबांनी मागितली म्हणून आली. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर आहेत. आम्ही आमच्या कॉलेजच्या खोलीतसुद्धा ती मागत नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. क्लब कसा चालवावा हे राहूनच गेलं, तर भराभर सांगतो. एक म्हणजे विषय घराकडून सुरू करा. म्हादई नदीच्या पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे १३.४२ अब्ज घनफूट, पाणी दिलं, त्यावर वाळपईचा मुलगा तासभर भांडेल. त्यालाच नाईलचा नकाशा द्या. इथिओपियाने वर धरण बांधलं की खाली इजिप्तच्या पोटात गोळा का येतो, हे त्याला पुस्तकाशिवाय कळतं. डिचोलीच्या पोरांना आपलं लोहखनिज घेणाऱ्या चीनच्या पोलादाबद्दल विचारा. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर बापाचा ट्रक अंगणात उभा राहिलेला त्यांनी पाहिलाय.

मग, आपल्याला न पटणारी पाटी मुलांना घ्यायला लावा. पोर्तुगाल झालेला आमचा मुलगा महिनाभर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची भाषणं वाचत होता. त्याच्या आजोबांनीच नंतर त्याला पोर्तुगीजांच्या आग्वाद तुरुंगातले दिवस सांगितले, आधी कधी सांगितले नव्हते. आणि भाषा मोकळ्या ठेवा. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, ज्याला जी येते ती. मात्र दर बैठकीला दोन मुलं दुभाषी नेमा. आमच्याकडे हल्ली त्याच दोन खुर्च्यांसाठी भांडणं होतात. इंग्रजी हवीच, मी नको म्हणत नाही. ती मुलगी आता इंग्रजीतही बोलते. पण मुद्दा आधी मराठीत पक्का करते आणि मग उभी राहते.

दुसरी चिठ्ठी आली. तर येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता आमची नाईलवर बैठक आहे. आपल्यापैकी कुणाची मुलं, नातवंडं येणार असतील तर पाठवा. इजिप्तला चार जण आहेत, सुदानलाही मिळाले. इथिओपियाची पाटी अजून कुणी घेतलेली नाही.