मुठीतले बी

श्रोतेहो, नमस्कार. या क्षणी आपण जे ऐकत आहात, त्याला इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. कानाला हा शब्द यंत्रयुगातला वाटतो. प्रत्यक्षात रेडिओचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासून तो शेतात वावरत होता.

‘ब्रॉड’ म्हणजे रुंद, ऐसपैस. हा जुन्या इंग्रजीतलाच शब्द. ‘कास्ट’ म्हणजे फेकणे; तो नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. १८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या जोडशब्दाचा अर्थ होता बी फोकून पेरणे. पेरणाऱ्याने टोपलीतून मूठ भरायची, पावलागणिक हात फिरवून बी दूरवर उधळायचे आणि मग त्यावर माती ओढून घ्यायची. ही रीत फार प्राचीन. परंतु जेथ्रो टल या इंग्रज शेतीतज्ज्ञाने १७०१च्या सुमारास ओळीत बी पेरणारे यंत्र तयार केले आणि पुढे अशी यंत्रे रुळत गेली, तेव्हा जुन्या रीतीला वेगळे नाव देण्याची गरज भासली असावी, असे मला वाटते. पुढे बातमी सर्वदूर पसरवण्यालाही हाच शब्द लागू झाला.

बिनतारी संदेशवहनाच्या आरंभीच्या काळात संदेश एका केंद्राकडून दुसऱ्या ठरावीक केंद्रासाठी निघे, आणि तो वाटेत तिसऱ्याच कोणाला ऐकू येणे ही मोठी उणीव मानली जाई. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकवले, ते मात्र ज्याच्याकडे ऐकण्याचे साधन असेल त्या प्रत्येकासाठी होते. जी उणीव होती, तीच आता या माध्यमाची ताकद झाली. तिला नाव हवे होते, आणि ते शेतकऱ्याच्या शब्दात तयार होते. १९२२मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीने तर तो आपल्या नावातच घेतला.

या निवडीचे मला मनापासून कौतुक वाटते. कोणता दाणा कोठे पडेल हे पेरणाऱ्याला ठाऊक नसते. माझे हे बोलणे कोणत्या घरात, कोणाच्या कानी पडत आहे, हे मलाही दिसत नाही.

‘कास्ट’चे भूतकाळी रूप ‘कास्ट’च राहते, म्हणून ‘ब्रॉडकास्टेड’ हे रूप अनेकांना आजही खटकते. २००४मध्ये ‘आयपॉड’ या गाणी ऐकण्याच्या खिशातल्या यंत्राच्या नावातला ‘पॉड’ घेऊन ‘पॉडकास्ट’ हा शब्द घडला. त्यातही ‘कास्ट’ टिकून आहे, परंतु तेथे श्रोता आपल्या सवडीने येतो आणि हवे तेवढेच वेचून नेतो.