ट्रॅक झिरो सेव्हन

श्रोतेहो, नमस्कार. दोन जीबीचं मेमरी कार्ड आठवतंय? एसटी स्टँडासमोरच्या मोबाईलच्या दुकानात द्यायचं आणि चहा पिऊन येईस्तोवर भरून मिळायचं. एमपीथ्रीत एक गाणं साधारण चार-पाच एमबीचं, म्हणजे नखाएवढ्या कार्डात चारशेवर गाणी! साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहा-बारा मावायची.

अमेरिकेत १९९९ साली इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं नॅपस्टर आलं, २००३ साली ॲपलच्या आयट्यून्सवर ९९ सेंटला एकेक गाणं मिळू लागलं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात डाउनलोड करायचा तो दुकानातला पोरगा. तुम्ही भीमगीतं मागा नाहीतर लावण्या, उरलेल्या जागेत तो त्याच्या मनाचं काही टाकायचाच.

फर्माईशीच्या कार्यक्रमात एकदा फोन आला. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर. म्हणाले, "ताई, ट्रॅक झिरो सेव्हन लावा." विचारलं, गाणं कुठलं? "त्येच तर कळंना. नाव न्हाई त्याला. डीजेच्या गाण्यांत घुसलंय. कारखान्यावर नंबर लागंस्तोवर रातभर त्येच ऐकतो." गुणगुणून दाखवा म्हटलं, तर लाजले. बोलत होते सोबत्याच्या मोबाईलवरून. मग स्वतःचा मोबाईल त्यालाच भिडवला. खरखरीतून तंबोरा आला, मग तो आवाज. कुमार गंधर्व! कबीराचं निर्गुणी भजन. मी नाव सांगितलं. "सावकाश सांगा, लिहून घेतो." हे गायक कुठले म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जन्म बेळगावजवळ सुळेभावीचा, आयुष्य गेलं मध्य प्रदेशात देवासला. लगेच म्हणाले, "त्यांचं आणखी हाय का?"

त्या रात्री आणखी एक भजन लावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. दुकानातल्या पोराला त्यांनी नाव सांगून अख्खा फोल्डर भरून घेतला होता.

नाव कळलं की पुढचं मागता येतं. पुन्हा सांगते, नाव कळलं की पुढचं मागता येतं. डाउनलोडनं गाणं कुठंही पोचवलं, पण कॅसेटच्या कव्हरवरची नावं वाटेत गळाली. आणि आमच्यातले काही निवेदकसुद्धा गीतकाराचं नाव गाळतात, ते मला अजिबात खपत नाही. ज्यानं शब्द लिहिले, त्याचं नाव आधी घ्यावं.

तुमच्याकडे असं जुनं कार्ड असेल, तर घरातल्या मोठ्यांना बसवून एकेक बिननावाचं गाणं ऐकवा आणि नावं लिहून ठेवा. जी कुणालाच ओळखता येणार नाहीत, ती आम्हाला फोनवर ऐकवा. पुढच्या गुरुवारचा कार्यक्रम त्यांच्यासाठीच ठेवलाय.