ऑर्डर थांबली आहे की काम संपलं आहे?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

स्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांत हल्ली चार जण जमले की विषय कंपनीवरच येतो. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जर्मन अर्थव्यवस्था आकसली. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ अखेरपर्यंत जर्मनीतल्या ११ ते १४ हजार जागा कमी होतील. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजारांचा आकडा दिला. मग कोणीतरी धीर देतं, "अहो, २००९ मध्येही असंच झालं होतं, निघालो ना बाहेर!" ते खरं आहे. पण २००९ मध्ये जे औषध लागू पडलं ते आजच्या दुखण्याला पुरेल का, हे नीट पाहायला हवं.

२००९ मध्ये जर्मनीचं उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घसरलं. बाडेन-व्युर्टेमबर्गला, म्हणजे आपल्या स्टुटगार्टच्या राज्याला, फटका त्याहून मोठा बसला, कारण इथला माल म्हणजे यंत्रं आणि गाड्यांचे भाग, आणि त्यातला बराचसा परदेशी जाणारा. हात आखडता घ्यायची वेळ आली की कारखानदार सगळ्यात आधी नव्या यंत्राची खरेदी पुढे ढकलतो. डिट्झिंगेनच्या ट्रुम्फचं उदाहरण घ्या. पत्रा लेसरने कापणारी यंत्रं बनवणारी, पुण्यातही शाखा असलेली ही कंपनी. २००७-०८ मध्ये तिची उलाढाल २१४ कोटी युरो होती, २००९-१० मध्ये ती १३४ कोटींवर आली. आणि २०१०-११ मध्ये पुन्हा २०२ कोटी! मागणी परत आली तेव्हा यंत्र जुळवणारी माणसं जागेवर होती, म्हणूनच हे जमलं. साडेतीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी करून तयार झालेला मेकॅनिक एकदा सोडला की ऑर्डर आल्यावर बाजारात आयता मिळत नाही.

ही माणसं टिकवली कशी? पहिला आधार तासांच्या खात्याचा. तेजीत केलेला जादा वेळ खात्यावर जमा होतो आणि मंदीत तो आधी संपवतात. यात पगार कमी होत नाही आणि सरकारी अर्जही लागत नाही. खातं रिकामं झालं की कुर्त्सआर्बाइट: माणसाला न काढता तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग भत्ता म्हणून भरून द्यायचा. मे २००९ मध्ये देशभरात सुमारे १४ ते १५ लाख लोक त्यावर होते, आणि त्या वर्षी बेरोजगारांची सरासरी संख्या वाढली ती जेमतेम दीड लाखाने.

आपल्यातले अनेक जण कुर्त्सआर्बाइटवर आहेत किंवा उद्या येऊ शकतात, म्हणून हिशेब जरा सावकाश मांडतो. समजा पूर्ण पगार ४००० युरो आहे आणि हातात २६०० येतात. तास निम्मे झाले, तर निम्म्या कामाचे हातात साधारण १५०० येतील. फरक ११०० चा. त्याचे ६० टक्के, म्हणजे ६६० युरो मिळतात. मूल असेल तर ६७ टक्के, म्हणजे ७३७. घरात येणार २१६० किंवा २२३७. निम्मं काम करूनही पाचशे युरोंच्या आतच तूट, हे या योजनेचं बळ. ही रक्कम करमुक्त आहे, पण बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर ठरवताना ती धरली जाते. वर्षात ४१० युरोंपेक्षा जास्त मिळाली तर विवरणपत्र भरावंच लागतं आणि पुष्कळांना वर थोडा कर भरावा लागतो. तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा.

मालकाला हे फुकट पडत नाही. न केलेल्या तासांच्या पगाराचे ८० टक्के धरून पेन्शन, आरोग्य आणि शुश्रूषा विम्याचा हप्ता त्यालाच भरावा लागतो, कामगाराच्या वाट्यासकट. वरच्या उदाहरणात २००० चे ८० टक्के म्हणजे १६००, आणि त्यावर साधारण ६०० युरो. शिवाय रजा आणि सणाच्या सुट्ट्यांचा पैसा आहेच. भत्ता आधी मालकाने द्यायचा आणि नंतर रोजगार कार्यालयाकडून परत घ्यायचा. सूचना ज्या महिन्यात कपात सुरू झाली त्याच महिन्यात द्यावी लागते, परताव्याचा दावा तीन महिन्यांत करावा लागतो. मुदत चुकली की पैसे गेले. छोट्या कारखान्यांची गाडी अडते ती इथेच, हातातल्या रोख पैशापाशी. म्हणूनच २००९ मध्ये सरकारने विम्याच्या हप्त्याचा निम्मा भार उचलला, आणि रिकाम्या तासांत प्रशिक्षण दिलं तर पूर्ण. मुदतही वाढवत २४ महिन्यांपर्यंत नेली.

यामागचा पैसा येतो बेरोजगारी विम्यातून. चांगल्या दिवसांत मालक आणि कामगार दोघेही त्यात निम्मा-निम्मा वाटा घालतात. आपल्याकडे भारतात लेऑफ होतो, म्हणजे काम नाही म्हणून कामगाराला काही काळ घरी बसवतात, तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई कायद्याने आहे, पण ती द्यायची एकट्या मालकाने, तीही नेमकी त्याच्या गल्ल्यात खडखडाट असतो तेव्हा. चाकणच्या किंवा सातपूरच्या लहान पुरवठादाराला मंदीत माणसं टिकवता येत नाहीत, याचं मोठं कारण हे आहे. त्याच्या हेतूत खोट काढणं अन्याय होईल.

२००९ ची दुसरी बाजूही सांगायला हवी. एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांना या छत्रीत फारशी जागा नव्हती. सगळ्यात आधी तेच गेले, दोन लाखांहून जास्त. जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला सरकारने २५०० युरो दिले, त्यातून खपल्या मुख्यतः लहान गाड्या. मोठ्या गाड्या बनवणाऱ्या स्टुटगार्टला त्याचा तितका उपयोग नव्हता.

आता आजच्याकडे येऊ. कुर्त्सआर्बाइटच्या कायद्यात एक शब्द आहे: 'तात्पुरती' तूट. ऑर्डर थांबली असेल आणि परत येणार असेल, तर माणूस धरून ठेवणं हाच शहाणपणाचा सौदा. पण डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलची मागणी मंदीमुळे थांबलेली नाही, ती हळूहळू संपत चालली आहे. हे बॉशच्या इथल्या फॉयरबाखच्या कारखान्याला जितकं लागू आहे तितकंच नाशिकला, कारण बॉशच्या सातपूरच्या कारखान्याचं कामही याच नोझल आणि इंजेक्टरचं. अशा विभागाला २४ महिने कुर्त्सआर्बाइटवर ठेवलं, तर त्या २४ महिन्यांत माणसाचं कौशल्य जुनं होतं, कंपनीची गंगाजळी आटते, आणि शेवटी कपात व्हायची ती होतेच.

काम संपलं म्हणजे काय करायचं असतं, हे या प्रदेशाने फार पूर्वी दाखवलं आहे. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात डब्ल्यूएमएफचे चमचे आहेत. त्यांचं मूळ गाइसलिंगेनच्या डानिएल श्ट्राउब या गिरणीवाल्याकडे जातं. रेल्वेचा अवघड घाट बांधला जात होता तेव्हा त्याने हत्यारं दुरुस्त करायचं वर्कशॉप काढलं. १८५० मध्ये गाडी धावू लागली आणि दुरुस्तीचं काम संपलं. त्याने भट्टी विझवली नाही. आधी पाणचक्क्या आणि यंत्रं, मग १८५३ मध्ये भागीदार घेऊन धातूच्या वस्तू. लोहारकाम येणारे हात तेच, माल बदलला.

असं एकट्यादुकट्याने करणं कठीण, म्हणून १८४६-४७ च्या दुष्काळानंतर, १८४८ मध्ये व्युर्टेमबर्गच्या राज्याने स्टुटगार्टमध्ये उद्योग-व्यापाराचं मध्यवर्ती कार्यालय काढलं. तिथे फेर्डिनांड फॉन श्टाइनबाइस आला. तो स्वतः लोखंडाच्या कारखान्यांत मुरलेला माणूस. त्याने अनुदानाचे पैसे वाटण्यापेक्षा परदेशी प्रदर्शनांतून नवी यंत्रं आणि नमुने विकत घेतले, ते स्टुटगार्टच्या नमुना-संग्रहात मांडले, कारागिरांना हाताळायला दिले. जोडीला धंदेशिक्षणाच्या शाळा. आजची इथली उमेदवारीची पद्धत त्या शाळांचं ऋण बाळगून आहे.

श्टाइनबाइसच्या या कामाचं आजचं रूप म्हणजे एप्रिल २०२४ पासूनचा प्रशिक्षण भत्ता, क्वालिफित्सीरुंग्सगेल्ड. आपल्या मंडळींत तो फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तपशील देतो. काम कायमचं बदलतंय आणि त्याची झळ कारखान्यातल्या किमान २० टक्के लोकांना (२५० पेक्षा कमी माणसं असतील तर १० टक्के) लागणार आहे, असं असेल तर तो मिळू शकतो. रक्कम तीच, ६० किंवा ६७ टक्के. कोर्स १२० तासांहून मोठा हवा. कोर्सची फी मालकाची. कंपनी आणि कामगार प्रतिनिधी यांच्यात तसा लेखी करार लागतो, म्हणजे तुमच्या बेट्रिब्सराटच्या, कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळाच्या, पुढच्या बैठकीत हा विषय मांडणारं कोणीतरी हवं. आपल्यातले किती तरी जण तिथे मतदान करतात. निवडणुकीला उभे राहणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मंडळात स्वतःची छोटी कंपनी चालवणारे पाच-सहा जण आहेत, त्यांच्यासाठी शेवटचं. ५० पेक्षा कमी माणसं असतील, तर दुसऱ्या एका योजनेखाली नोकरीतल्या माणसाच्या कोर्सची पूर्ण फी रोजगार कार्यालय देऊ शकतं आणि त्या काळातल्या पगाराचा काही भागही. अट तीच, १२० तासांच्या वर. मात्र अर्ज कोर्स सुरू व्हायच्या आधी गेला पाहिजे. आधी नाव नोंदवून, वर्ग सुरू झाल्यावर कागद नेले तर हात हलवत परत यावं लागतं. येत्या वर्षाचे कोर्स निवडायचे असतील तर रोजगार कार्यालयातल्या मालकांसाठीच्या सेवाविभागाची वेळ आत्ताच घ्या, आणि जाताना कोणत्या माणसाचं कोणतं काम पुढच्या दोन वर्षांत उरणार नाही, याची यादी सोबत न्या.