वरच्या अंगाला पोहायचं

(पूर. होळकर पुलावरून गोदाघाट.)

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत. ‘दुतोंड्याच्या कुठवर आलंय?’ एवढंच विचारतात. पात्रात उभ्या असलेल्या या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की बघ्यांची गर्दी होते. छातीच्या वर चढायला लागलं की भांडी बाजारात माल वरच्या मजल्यावर हलतो.

आणि ही पोरं. पुलावरून थेट धारेत सूर मारतात. पोलीस हटकतात, आणि ते बरोबरच आहे. पण नीट बघा, त्यांतलं एकही पोर समोरच्या घाटाकडे पोहत नाही.

आपल्या गोष्टीतला माणूस यांच्यातलाच. पंचवटीतल्या वाड्यात वाढलेला. चित्रीकरणाला तो तयार झाला तो नाव न सांगण्याच्या अटीवर.

(वाडा. अंगण. खुंटीवरचा पत्र्याचा डबा.)

हा डबा पाठीला बांधून आजोबांनी त्याला गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडलं. हळूहळू डबा सुटला, मग कुंडातून पात्रात, पात्रातून पुरात. आजोबांचं सांगणं एकच होतं: जो घाट गाठायचाय त्याच्याकडे कधी पोहायचं नाही. त्याच्या वरच्या अंगाला पोहायचं, हात मारत राहायचं, धार आपल्याला खाली आणून बरोबर पायरीला लावते. घाटाकडे बघून पोहणारा घाट चुकतो आणि पुढे वाहून जातो.

(मोबाइलवरचं चित्रीकरण. उलुवातू, बाली.)

आता हे बघा. बालीचं दक्षिण टोक. कड्यावर देऊळ, कड्याच्या पोटात गुहा. पायऱ्या उतरून या गुहेतूनच सर्फिंगचा बोर्ड घेऊन पाण्यात शिरायचं आणि परतही इथूनच यायचं. या लाटा इथल्या नव्हेत. खाली दक्षिणेला, हिंदी महासागराच्या थंड टोकाशी वादळं होतात. तिथून निघालेली लाट हजारो किलोमीटर कापत येते आणि इथल्या प्रवाळाच्या उथळ खडकावर अडखळून उभी राहते. एप्रिल ते ऑक्टोबर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची भिंत साफ ठेवतो.

भरतीला गुहेसमोरून जोराचा प्रवाह वाहतो. नवखे थेट गुहेकडे हात मारतात, चुकतात आणि पुन्हा मोठा वळसा घालतात. पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहिणारा हा पोरगा सुट्टीवर आला होता. पहिल्याच दिवशी तो गुहेच्या वरच्या अंगाला पोहला आणि बरोबर तोंडाशी लागला. किनाऱ्यावरच्या पोरांनी विचारलं, कुठल्या समुद्रावरचा? त्यानं सांगितलं, नदीवरचा.

तो तिथेच राहिला. लाटांवर इंग्रजीत लिहायला लागला, प्रवासाच्या वेबसाइट्स छापायला लागल्या. बालीत सर्फिंग आलं १९३० च्या दशकात. एका अमेरिकन जोडप्यानं कुटाच्या किनाऱ्यावर हॉटेल काढलं, तेव्हा. तेव्हापासून बाहेरून आलेल्यांनी या बेटाला स्वर्ग म्हटलंय. याच्या लेखांतही तो स्वर्ग होताच.

कागदावर मात्र तो पर्यटक होता. तीस दिवसांचा व्हिसा, एकदा वाढवून आणखी तीस, मग सिंगापूर किंवा क्वालालंपूरला जाऊन परत. या व्हिसावर काम करता येत नाही, आणि लिहिणं हे काम. मानधन महिनोन् महिने अडकायचं, तरी तक्रार कुणाकडे करणार? खोलीचा करार नावावर नाही, बँकेत खातं नाही. स्कूटरसुद्धा दुसऱ्याच्या नावावर.

(त्याचा पाय. नडगीवरचा व्रण.)

हा व्रण प्रवाळाचा. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, बारीक कण आत राहतात आणि चिघळते. बरोबरीच्या पोरांनी लिंबू चोळून ती साफ केली. त्याच पोरांनी त्याला कोळ्यांच्या वस्तीमागची एक लाट दाखवली होती.

त्या लाटेवर त्यानं लेख लिहिला. नावासकट, रस्त्यासकट.

पुढच्या हंगामात तिथे भाड्याचे बोर्ड आले, गाड्या आल्या. वस्तीलगतच्या भातखाचरांत व्हिलाचे खांब उभे राहिले. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ असेल, लाट त्याची, हा समुद्रातला नियम. त्याच्यापुरता तो नियम संपला. तो लाटेवर उभा राहिला की कुणीतरी मुद्दाम पुढ्यात घुसायचं. एका सकाळी स्कूटरचे टायर फाडलेले होते. तो म्हणतो, त्यांचं चुकलं नाही.

(पावसाळी किनारा. प्लॅस्टिकचा खच.)

हेही त्याचंच चित्रीकरण. डिसेंबर ते मार्च पश्चिमेचा वारा सगळा कचरा किनाऱ्यावर आणून टाकतो. हे त्यानं लिहून पाठवलं, तेव्हा कुणी छापलं नाही.

२०२१ मध्ये आई गेली, तेव्हा नियमित विमानं बंद होती. दोन वर्षांनी व्हिसाची मुदत उलटली. दंड दिवसाला दहा लाख रुपिया, आपले पाच हजारांवर. मित्रांनी वर्गणी काढून भरला आणि तो परत आला.

(गोदाघाट, सकाळ. उन्हाळा.)

आता तो मराठीत लिहितो, या पात्राबद्दल. लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड ही नावं आजच्या पोरांना पाटीवरसुद्धा सापडत नाहीत. कुंडांच्या तळाला जिवंत झरे होते, म्हणून नदी आटली तरी आजोबांच्या पिढीला उन्हाळ्यात पोहायला पाणी मिळायचं. २००३ च्या सिंहस्थाआधी पात्रात काँक्रीट ओतलं गेलं आणि झऱ्यांची तोंडं बुजली. गोदावरीसाठी झटणारी माणसं कोर्टात गेली, काही ठिकाणचं काँक्रीट निघालंही. बाकीचं अजून आहे.

ती लाट झाकून ठेवायला हवी होती, असं त्याला आज वाटतं. कुंडांची नावं मात्र तो पत्त्यासकट लिहितोय, कारण या कुंडांकडे लोक येणंच थांबलंय. पुढचा सिंहस्थ २०२७ चा. उरलेलं काँक्रीट काढायचं तर पाणी उतरलेलं असताना, उन्हाळ्यातच काढावं लागेल. तसं त्यानं लिहून दिलंय, कुठल्या पायरीखाली कुठलं कुंड याच्या हाताने काढलेल्या नकाशासह.