न ऐकता काढलेली चित्रं

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डांची वाईट कव्हरं हा आजचा विषय. अशी कव्हरं पडद्यावर दाखवून तासभर हशा मिळवता येतो. मला ते करायचं नाही, कारण यातलं प्रत्येक कव्हर कुणाच्या तरी गाण्यावर कायमचं चिकटलेलं आहे. गवयानं आयुष्य घालवून राग उभा केला आणि त्याची पहिली ओळख करून देणाऱ्यानं तो ऐकलाच नाही. माझी तक्रार एवढीच आहे. कव्हर कुरूप असलं तरी चालेल, पण ते न ऐकता केलेलं नसावं.

ऐकलेलं नाही हे कळतं कसं? एक साधी खूण सांगतो. सतारियाचा फोटो नीट बघा. कधीकधी तो डावखुरा दिसतो, शेजारच्या तबलजीचा डग्गा उजव्या हाताला आलेला असतो आणि शेरवानीची बटणंही उलट्या बाजूला लागलेली असतात. निगेटिव्ह उलटी छापलेली आहे. मांडणी करणाऱ्याला कलाकाराचा चेहरा नावाच्या दिशेनं वळलेला हवा होता, म्हणून त्यानं माणूस फिरवला. मिजराब, म्हणजे तारा छेडायची नखी, कुठल्या हाताच्या बोटात असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला असा फोटो क्षणभरही सहन होणार नाही.

त्याहून सर्रास दिसते ती तंबोऱ्याची कापाकापी. गायकाच्या मागे तंबोरा धरून बसलेली शिष्या चौकटीबाहेर जाते आणि गायकाच्या खांद्यावरून खुंट्यांचा नुसता शेंडा वर आलेला राहतो. ज्या सुरावर सगळं गाणं उभं आहे तो धरणारी व्यक्ती पहिल्याच झटक्यात छाटली जाते.

मग कमळं, मोर, समई आणि आकाश. पहाटेच्या ललत रागावर मावळतीचा सूर्य, संध्याकाळच्या मारव्यावर उगवतीचा, आणि कंठसंगीताच्या रेकॉर्डवर सतार, कारण सतार म्हटली की हिंदुस्थान असं कुणीतरी ठरवून टाकलेलं आहे. रोमन अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ ओढली की ती भारतीय दिसतात, ही समजूतही त्याच घरातली. रागमालेतली, म्हणजे रागांना माणसांचं रूप देणारी जुनी चित्रं मला फार प्रिय आहेत. वनात वीणा घेऊन उभी असलेली तोडी आणि तिच्याभोवती जमलेली हरणं बघताना मी हरवून जातो. पण तीच तोडी यमनाच्या रेकॉर्डवर छापली, तर चित्राचाही अपमान होतो आणि यमनाचाही.

आता थोडं मागे जाऊ. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळी कव्हरावर चित्र हा प्रकारच नव्हता. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जात. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कळत नव्हती, म्हणून गाणं संपलं की बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. त्या आवाजावरून लेबल कुठलं लावायचं हे ठरे. माझ्या लेखी आपल्याकडचं पहिलं कव्हर तेच. छपाई नाही, रंग नाही, पण हे कोण गायलं याचं स्वच्छ उत्तर त्यात आहे. पुढच्या कित्येक रंगीत कव्हरांना एवढंही जमलेलं नाही.

पाश्चात्त्य देशांतही १९४० पर्यंत सिंफनीच्या तबकड्या साध्या पुठ्ठ्यांच्या अल्बमांत विकल्या जात. धंद्यातले लोक त्यांना थडगी म्हणत. अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुणानं त्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली, विक्री वाढली आणि सगळ्या कंपन्या त्या वाटेनं गेल्या. अर्थात वाईट कव्हरांचा रस्ताही तिथूनच फुटतो. बेथोवनची रेकॉर्ड हातात घ्यावी, तर वर वाद्यवृंदाच्या संचालकाचा डोळे मिटलेला चेहरा मोठा आणि बेथोवनचं नाव कोपऱ्यात. व्हायोलिन वाजवणारी तरुणी असली की तिला संध्याकाळच्या झग्यात गवतात उभं करतात. १९७० च्या दशकात वेस्टमिन्स्टर गोल्ड नावाच्या स्वस्त मालिकेनं जुन्या ध्वनिमुद्रणांवर सरळ विनोदी फोटो छापले. पुष्कळांना ते पोरकट वाटतात. मला मात्र त्या गवतातल्या झग्यापेक्षा ते बरे वाटतात, कारण निदान कुणीतरी त्या रचनेचं नाव वाचून विचार केलेला असतो.

ऐकून केलेलं कव्हर कसं असतं? ग्लेन गूल्ड या पियानोवादकानं १९५५ मध्ये बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स वाजवली. मूळ एक धून आणि तिचे ३० विस्तार. कव्हरावर स्टुडिओत काढलेले गूल्डचे छोटे छोटे ३० फोटो आहेत. कुठे तो वाकलेला, कुठे बोलतोय. माणूस तोच, भाव दर वेळी वेगळा. संगीताची सगळी रचना त्या चौकटींत उतरलेली आहे आणि त्यासाठी कुठलंही फूल लागलेलं नाही.

आपल्या गावाकडे येऊ. फैयाज खाँसाहेब सयाजीरावांच्या दरबाराचे गायक. त्यांची जौनपुरी रागातली 'फूलवन की गेंद', म्हणजे फुलांचा चेंडू, तुमच्यापैकी कित्येकांना पाठ असेल. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, आणि तेवढ्यात आवाजाचं ते वजन, तो बोलांचा झोक. तिचं कव्हर करायला कुणाला सांगितलं तर नव्वद टक्के खात्री आहे की फुलं येतील, कारण शब्दांत फूल आहे. खाँसाहेबांच्या गाण्यात जे आहे ते फुलासारखं नाजूक अजिबात नाही. ते दणकट आहे आणि ऐटदार आहे. तो चेंडू फेकला जातो, लागतो. हे फक्त ऐकणाऱ्यालाच कळेल.

१९५० मध्ये खाँसाहेब इथेच गेले आणि त्याच वर्षी आपल्या विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेचा वारसा सूरसागर तलावासमोर आजही चालू आहे. चित्र आणि गाणं दोन्ही शिकवणाऱ्या जागा असलेली गावं देशात किती? उपयोजित कलेच्या मुलांनी महिनाभर तरी गाण्याच्या वर्गात मागे बसावं, असं मला मनापासून वाटतं. वही न उघडता.

कव्हराचा सगळ्यात मोठा दोष मी मुद्दाम उशिरा सांगतोय. तो चित्राचा नाहीच. तबल्यावर कोण, पेटी की सारंगी, तंबोरे कुणी धरले, बंदिश कुठली, ताल कुठला, कुठे आणि कोणत्या साली मुद्रण झालं, हे न लिहिणं. एल. पी.चं कव्हर चांगलं फूटभर लांब-रुंद असतं, मागची बाजू अख्खी मोकळी असते, आणि तिथे गवयाला किती मानसन्मान मिळाले याचे दोन परिच्छेद छापतात. साथीदाराचं नाव नाही. ज्या ठेक्यावर बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, पंचवीस मिनिटं चालला तो धरणारे हात कुणाचे, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? कॅसेट आली तेव्हा जागा कमी झाली, सी. डी.त अक्षरं बारीक झाली, आणि फोनवर तर कव्हर नखाएवढं उरलं. तिथे ओळ मध्येच तुटते आणि भैरव आहे की भैरवी तेच समजत नाही. एवढ्याशा जागेतही समुद्रकिनाऱ्याचा फोटो मात्र असतो.

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ मध्ये व्हॉएजर यानांबरोबर अवकाशात गेली. सोनेरी मुलामा दिलेली तबकडी, सोबत बाख आणि बेथोवनही. तिच्या कव्हरावर सुई कशी ठेवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची, ही कुठून आली, हे रेघांनी कोरलेलं आहे. ऐकणारा कोण असेल हे माहीत नसतानाही त्याला ऐकता यावं म्हणून केलेलं कव्हर. मी पाहिलेल्या कव्हरांत मी त्याला सगळ्यात वर ठेवतो, आणि तरीही केसरबाईंचं नाव त्या कव्हरावर नाही याची चुटपुट लागते.

शेवटी एक विनंती. इथे बसलेल्या अनेकांच्या घरी खासगी मैफलींच्या कॅसेट आहेत, दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्यांत तर नक्कीच. बहुतेकींवर 'पंडितजी, यमन' एवढंच लिहिलेलं असतं. त्या मैफलीला हजर असलेलं कुणी घरात असेल, आई, काका, शेजारच्या आजी, तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसून ती लावा. तबल्यावर कोण होतं, कुणाच्या दिवाणखान्यात बैठक होती, त्या रात्री यमनानंतर काय गायले, हे विचारा आणि आतल्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. शाई पसरते.