रेडिओवर सांगितलं म्हणजे खरंच?

(टेबलावर जुना ट्रान्झिस्टर. बटण फिरवल्यावर खरखर.)

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतेय. हा ट्रान्झिस्टर माझ्या मामांचा. निफाड तालुक्यात त्यांचा कांदा असायचा. संध्याकाळी बाजारभाव लागले की ओट्यावर चिडीचूप. व्यापारी काहीही सांगो, रेडिओने सांगितलेला लासलगावचा भाव तोच खरा!

आफ्रिकेतल्या रवांडात याच विश्वासाचा घात झाला. तिथे दोन समाज: बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी. जुलै 1993 मध्ये तिथे आरटीएलएम हे खासगी स्टेशन सुरू झालं. झकास गाणी, गप्पा, थट्टामस्करी. तरुण पोरं कान लावून ऐकायची. त्यातच तुत्सींना 'झुरळं' म्हणणं सुरू झालं. एप्रिल 1994 मध्ये कत्तल पेटली, तेव्हा हेच स्टेशन माणसांची नावं, ठिकाणं, गाड्यांचे नंबर सांगत होतं. मामांच्या ओट्यावर भाव यायचे, तिथे पत्ते येत होते. साधारण शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसं मारली गेली.

आणि 2004 मध्ये त्याच देशात रेडिओवर एक मालिका आली, 'मुसेकेवेया', म्हणजे नवी पहाट. भाषा किन्यारवांडा, हुतू आणि तुत्सी दोघांचीही तीच. दोन टेकड्यांवर दोन गावं, मधल्या सुपीक जमिनीवरून वैर. हुतू-तुत्सी हे शब्द कुठेच नाहीत, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. बांधावरची भांडणं आपल्याला काय नवीन आहेत?

फरक पडला का? एलिझाबेथ लेव्ही पलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभर तपासलं. काही गटांनी ही मालिका ऐकली, काहींनी आरोग्यावरची. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत. पण शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेट भेट मिळाल्या, तेव्हा गंमत झाली. तो ठेवायचा कुणाकडे? आरोग्यवाल्या बहुतेक गटांत कुणीतरी म्हणालं, गावच्या अधिकाऱ्याकडे देऊ, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुसेकेवेयावाल्यांत मात्र असं कुणी सुचवलं की दुसरं कुणी लगेच आडवं यायचं: आपणच सांभाळू की!

मला हे वाचताना भरून आलं. वरून हुकूम आला म्हणून जिथे शेजाऱ्याने शेजाऱ्यावर कोयता उचलला, तिथे चारचौघांत कुणीतरी 'नको' म्हणत होतं.

शेजारच्या बुरुंडीत 1995 पासून स्टुडिओ इजाम्बोमध्ये हुतू आणि तुत्सी पत्रकार एकत्र बातम्या करायचे. यादवी चालू असताना, बरं का!

आमच्याकडे भाव संपले तरी ओटा रिकामा व्हायचा नाही. शेजारचे चाचा, मामा, सगळे अंधार पडेपर्यंत तिथेच, त्या भावावर वाद घालत.